मधली बारी

माझी शेवटची पोस्टिंग खडकवाडीला झाली. खडकवाडी म्हणजे बदनापूर स्टेशनापासून सायकलवर अर्ध्या तासाचं गाव, आणि पोस्ट म्हणजे माझंच घर. ड्यूटी पिल्लांच्या राखणीची. ऑर्डर देणारी अधिकारी माझी सून, रेखा. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी कर्नलसाहेबांपुढे उभा राहिलो, ब्रिगेडियरसाहेबांपुढे उभा राहिलो, एकदा बर्फात अस्वलापुढेही उभा राहिलो आणि त्या अस्वलानेच आधी सॅल्यूट ठोकला. पण रेखापुढे जसं अटेन्शनमध्ये उभं राहावं लागतं तसं कुठेच लागलं नाही.

ती जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. सकाळी टेम्पो, संध्याकाळी टेम्पो. मुलगा माझा रोलिंग मिलमध्ये, त्याच्या शिफ्टचा काही ठिकाणा नाही. आमच्या मंडळी वारल्यापासून घरात दिवसभर मी आणि तीन वर्षांची नात. आई टेम्पोत चढली की नातीचा भोंगा सुरू. त्या आवाजाने चिकलठाण्याला उतरायला आलेलं विमान परत वर जायचं. पटत नसेल तर पायलटला विचारा.

तर डिसेंबरात एका रविवारी रेखाने गावरान कोंबडीची पन्नास पिल्लं आणली. एक दिवसाची. खोकं जमिनीवर ठेवलं आणि मला म्हणाली,

"मामा, हे पन्नास जगवून दाखवा. जगले तर म्या घरीच कोंबड्या करीन. टेम्पो बंद."

"अन् न्हाई जगले तर?"

"तर टेम्पो चालूच. अन् तुमची नात रडूनच राह्यली."

मिशन स्पष्ट होतं. फौजेत इतकं स्पष्ट मिशन मला एकदाही मिळालं नाही.

आता शत्रूची माहिती. शत्रू समोरच्या घरात राहतो. नाव शेषराव. आम्ही दोघं एकाच दिवशी जालन्याच्या भरतीत उघड्या अंगाने पळालो, एकाच पलटणीत गेलो, एकाच पोस्टवर गोठलो. मी हवालदार होऊन घरी आलो आणि तो सुभेदार होऊन. सुभेदाराला फौजेत 'साहेब' म्हणावं लागतं. गावात कुणी म्हणत नाही असं वाटतं का तुम्हाला? पार ग्रामपंचायतीच्या शिपायापासून दूधवाल्यापर्यंत सगळे म्हणतात. आणि सकाळी दात घासत दारात उभा राहिलो की मलाही चार लोकांदेखत म्हणावं लागतं, "राम राम साहेब." त्यानंतर माझा पहिला चहा कडू लागतो.

मी जळतो त्याच्यावर. हे गावाला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. त्याच्या बोअरला पाणी लागलं, माझ्या बोअरमधून नुसता फुफाटा निघाला, तो उडून तालुकाभर धुकं पडलं. त्याची मिशी पिकली तीसुद्धा बराबर दोन्हीकडून सारखी. माझी पिकली तर एक टोक पांढरं आणि एक काळं, जसं अर्ध्या मिशीचं प्रमोशन अडकलं आहे. त्याचा पाय लंगडतो, तर लोक त्या लंगडण्यालाही मान देतात. मी एकदा बाभळीचा काटा लागून महिनाभर लंगडलो, तर सगळ्यांनी विचारलं, "काय हवालदार, पिऊन राह्यले का?"

या माणसाने त्याच रविवारी, त्याच हॅचरीतून, त्याच घाण्यातली पन्नास पिल्लं आणली. आणि गल्लीत उभं राहून मला म्हणाला, "उत्त्या, बघू कोणाची जगतात." माझं नाव उत्तम. उत्त्या म्हणणारी जगात दोनच माणसं होती. त्यातला एक आता नाही.

बुधवारी गावाची डीपी जळाली. गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम चालू झाल्या आणि डीपीने फटाका वाजवला. वायरमन आला, वर बघितलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "आठ दिवस तरी न्हाई." रेखाने पिल्लांवर लावलेला मोठा बल्ब मेला. आणि त्याच संध्याकाळी उत्तरेचं गार वारं सुटलं.

गावात लोक घाबरले. मी हसलो. थंडीचं मला शिकवू नका. आमची पोस्ट होती तिथे थंडी अशी, की माणसाची सावली जमिनीला चिकटून बसायची. सकाळी सेंट्री बदलताना जुन्या सेंट्रीची सावली बेलच्याने, म्हणजे फौजी फावड्याने, खरवडून काढावी लागायची, नाहीतर तो जागचा हलू शकत नव्हता. नव्या रंगरुटांच्या सावल्या आम्ही अदलाबदल करून द्यायचो. एका बुटक्या मद्राशाला सहा फुटी जाटाची सावली गेली, तो घरी जाईपर्यंत तीच घेऊन फिरला. अशा जागी मी दोन हिवाळे काढले. मला बदनापूर तालुक्यातली थंडी काय सांगता?

मी ऑपरेशनचा प्लॅन केला. रेखा कंपनीत, त्यामुळे कमांड माझ्याकडे. कँटीनच्या रमच्या रिकाम्या खोक्यांचा माझ्याकडे साठा आहे. साठा का आहे ते विचारू नका. त्या खोक्यात बाटल्या एकमेकींना आपटू नयेत म्हणून पुठ्ठ्याचे खण असतात, एका खोक्यात बारा. पाच खोकी मांडली. खणात मूठभर सोयाबीनचं भुसकट टाकलं. एका खणात एक जवान. प्रत्येकाला आपापला बंकर. पन्नास जवान, पन्नास बंकर, दहा राखीव. तासातासाला बाहेर काढून दाणापाणी, मग पुन्हा आपापल्या बंकरात. असं शिस्तीचं खुराडं अख्ख्या मराठवाड्यात नव्हतं.

तुम्ही सिव्हिलियन लोक विचाराल, वेगवेगळं कशाला?

फौजेत पहिल्या दिवसापासून एक गोष्ट कानात ओततात: बंच-अप व्हायचं नाही. घोळक्याने चालायचं नाही, घोळक्याने बसायचं नाही. दोन जवानांत अंतर ठेवायचं. कारण गोळा एक असतो आणि त्याला घोळका आवडतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या पोस्टवर लंगरच्या, म्हणजे स्वैपाकघराच्या, भिंतीला टेकून तीन जण खांद्याला खांदा लावून सकाळचा चहा घेत बसले होते. मोर्टारचा गोळा आला. वाऱ्याच्या कडेला आमच्याच पलटणीतला नामदेव होता. तो गेला. मधे शेषराव होता. त्याच्या पायात स्प्लिंटर घुसला. दुसऱ्या कडेला लंगरचा कुक, त्याला खरचटलंही नाही. मी तेव्हा पंधरा पावलांवर, रेडिओच्या बंकरात, एकटा बसलो होतो. म्हणून रेडिओवर मलाच बोलावं लागलं.

"टायगर फॉर चार्ली. गोळा लंगरजवळ. दोन कॅजुअल्टी. ओव्हर."

"चार्ली फॉर टायगर. स्ट्रेचर किती? ओव्हर."

"एक. ओव्हर."

"दुसऱ्याला? ओव्हर."

"दुसऱ्याला नको. आउट."

तेव्हापासून मी कुठल्याही घोळक्यात बसत नाही. लग्नात पंगतीच्या टोकाला बसतो. बसमध्ये दरवाज्याजवळ उभा राहतो. मग पिल्लांना मी कसा बसू देईन?

पहिल्या दिवशी पिल्लं खूप ओरडली. रंगरूट ओरडतातच. सकाळी बघतो तर तीन खणांत तीन पिल्लं पाय ताठ करून पडलेली. मी त्यांना परसात शेवग्याखाली पुरलं. रेखाला सांगितलं, "तीन. कमजोर होते." ती टेम्पोत चढली. नातीने भोंगा लावला.

दुसऱ्या दिवशी चार गेली. मी गोण्या वाढवल्या, खोक्यांवर गोधडी टाकली, खिडकीला पोतं ठोकलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार. पन्नासातले एकोणचाळीस राहिले.

आणि समोरून, गल्लीच्या पलीकडून, शेषरावच्या घरातून आवाज यायचा. ओरडण्याचा नव्हे. पिल्लं पोट भरून, ऊब लागून, आपसात बोलतात ना, तसा बारीक कुजबुजल्यासारखा. तो आवाज ऐकून माझ्या छातीत अशी आग लागायची की तीच आग खोक्यांखाली ठेवता आली असती तर एक पिल्लू मेलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी रेकी केली. नातीच्या जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या दुर्बिणीसकट माझ्या धाब्यावर पोटावर पडून समोरच्या खिडकीवर नजर ठेवली. दुर्बिणीतून सगळं जग गुलाबी दिसतं, पण हालचाल कळते. शेषरावने खोलीच्या एका कोपऱ्यात तट्ट्याचं गोल कुंपण केलं होतं, जेमतेम दोन पराती मावतील असं. मधे काहीतरी पोत्यात गुंडाळून ठेवलेलं. वर बाजलं आडवं, आणि बाजल्यावरून कसल्यातरी काळ्या पट्ट्या लोंबत होत्या. त्या पट्ट्यांखाली त्याची सगळीच्या सगळी पिल्लं एका ढिगात. एकावर एक, चिकटून, माना एकमेकांत खुपसून.

मी आनंदाने धाब्यावर लोळलो. बंच-अप! सुभेदार झाला, पण पहिला धडा विसरला. एक बोका आला की पन्नासच्या पन्नास एका झपाट्यात. मी खाली उतरलो, दुधाचं भांडं बाहेर ओट्यावर ठेवलं. गावातले बोके आमच्या गल्लीत यावेत, एवढाच विचार. बोका आला. दूध प्याला. माझ्याकडे बघून माझ्याच ओट्यावर झोपला. शेषरावचं नशीब असं की बोक्यांनाही त्याचा मान.

"हवालदार!" खिडकीतून शेषरावची बायको, गयावहिनी, हाका मारत होती. "धाब्यावर काय करून राह्यले होते? काही पडलं का?"

"पतंग वहिनी. नातीचा."

"मंग बरंय. आम्हाला वाटलं टेहळणी करून राह्यले."

आतून शेषराव हसल्याचा आवाज आला. त्या हसण्याची मी नोंद घेतली.

आता क्रायसिसवर येतो. त्याच संध्याकाळी. दिवस मावळला तसा वारा वाढला. मी कंदील लावून खोक्यांपाशी बसलो होतो आणि मला बरं वाटत होतं, कारण पिल्लं ओरडायची थांबली होती. एकोणचाळीस खणांत एकोणचाळीस जवान, एकदम शांत. मी नातीला म्हणालो, "बघ, शिस्त लागली."

तेवढ्यात टेम्पो आला. रेखा दारात उभी राहिली, पायातली चप्पलही काढली नाही. कान देऊन ऐकलं.

"मामा, आवाज का न्हाई येऊन राह्यला?"

"शिस्त लागली त्यांना."

ती खोक्याजवळ बसली. एका खणात हात घातला, पिल्लू उचललं, गालाला लावलं. दुसरं उचललं. तिसरं. कंदिलाच्या उजेडात तिचं तोंड बघितलं आणि मला कळलं, की हे तोंड मी आधी एकदा बघितलेलं आहे. लंगरच्या भिंतीजवळ, कुकचं.

"मामा, थंडे पडून राह्यले हे. ओरडायची ताकद गेली त्यांची. घंटाभरात सगळे जातील."

"पाणी तापवतो."

"चूल पेटेपर्यंत न्हाई राहायचे. समोर चला."

"कुठं समोर?"

"साहेबांच्या घरी. त्यांच्या इथं ऊब हाय, आवाज ऐकत नाहीत का तुम्ही रोज?"

आता तुम्हाला माझी अडचण समजेल असं नाही. रोज सकाळी 'राम राम साहेब' म्हणणं वेगळं. ते दात घासताना होतं, तोंडात फेस असतो, अर्धं ऐकू येत नाही. पण हातात मरती पिल्लं घेऊन त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, साहेब, मला जमलं नाही? मी म्हणालो, "तू जा. मी इथं सांभाळतो."

रेखा माझ्याकडे बघून म्हणाली, "काय सांभाळता मामा? खोके?"

मी उठलो. खुंटीवरचा माझा पार्का कोट काढला. बर्फातला. तो मी जपून ठेवला आहे, दर उन्हाळ्यात डांबराच्या गोळ्या घालतो. अंगात घातला, चेन गळ्याच्या खाली ओढली आणि पिल्लं उचलून आत शर्टाजवळ सोडायला लागलो. एक, दोन, दहा. प्रत्येक पिल्लू छातीला लागलं की बर्फाचा खडा लागल्यासारखं. जेवढी माझ्या कोटात बसली तेवढी माझ्याकडे, राहिलेली रेखाच्या पदरात. नात माझ्या पायाला लटकलेली. अशी आमची फौज गल्ली ओलांडून गेली. वीस पावलांची गल्ली. बर्फात मी अशी चढण चढलो आहे की वर पोहोचेपर्यंत माणसाची दाढी दोनदा वाढायची. ती चढण सोपी होती.

दार शेषरावनेच उघडलं. मी तोंडात वाक्य तयार ठेवलं होतं, पण त्याने ते बोलू दिलं नाही. माझ्या कोटाकडे बघितलं, कोट हलत होता, आणि एवढंच म्हणाला, "आत ये. गया, पाणी बदल."

तोरा दाखवला नाही, हसला नाही, टोमणा मारला नाही. हसला असता तर मी परत गेलो असतो. इथेही तो माझ्याहून वरचढ ठरला.

आत जाऊन बघितलं तेव्हा समजलं. पोत्यात गुंडाळलेलं होतं ते मडकं, आत उकळतं पाणी, तोंडावर झाकण आणि माती लिंपलेली. अशी दोन मडकी. पऱ्हाटीची चूल पलीकडे पेटलेली, एक मडकं निवत आलं की दुसरं आत. खाली भुसकटाचा हातभर थर. आणि बाजल्यावरून लोंबणाऱ्या काळ्या पट्ट्या म्हणजे त्याचं सरकारी कांबळं. कात्रीने बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून टांगल्या होत्या.

"कांबळं कापलं?" मी म्हणालो. "पलटणीचं?"

"पिल्लाला पाठीवर काही टेकलेलं लागतं. मंग त्याला वाटतं आई बसली."

"अन् हा घोळका? बंच-अप?"

शेषराव खाली बसला, लंगडा पाय लांब करून. "उत्त्या, गोळा आला की फाकायचं. थंडी आली की चिकटायचं. थंडी काय गोळा हाय का?"

रेखाने पदर सोडला. शेषराव एकेक पिल्लू घेऊन ढिगात ठेवायला लागला. कडेला नव्हे, बराबर मधे, बाकीची सारून जागा करून.

"थंडे असतील ते मधे," तो रेखाला सांगत होता. "गरम झाले की आपसूक कडेला येतात. मंग कडेचे आत शिरतात. बारी असते त्यांची. आपल्याला काही करावं लागत न्हाई. फक्त पहिली बारी द्यावी लागते."

तेव्हा मी बोललो. "हा कायदा तुझा न्हाई."

"माझा कुठं म्हणलो?"

आता तुम्हाला हा कायदा कुणाचा ते सांगायला हवं. पोस्टवर लंगरच्या भिंतीला टेकून आम्ही तिघं बसायचो. मी, नामदेव आणि शेषराव. कधी चौथा कुक. मधल्याला दोन्हीकडून ऊब, कडेच्याला एका बाजूने वारा. नामदेवने नियम घालून दिला होता: एक मग चहा संपला की जागा बदलायची. मधली बारी सगळ्यांना. नामदेव अंबडकडचा. भरतीच्या दिवशी जालना स्टेशनावर त्याने आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी मला दिली, तेव्हापासून तो माझा होता. शेषराव नंतर येऊन चिकटला. हे मी आधीही सगळ्यांना सांगत आलो आहे, आताही सांगतो: नामदेव आधी माझा दोस्त.

त्या सकाळी मधली बारी माझी होती. शेषराव सेंट्रीवरून आला. मिशीला बर्फ, ओठ निळे. नामदेव मला म्हणाला, "उत्त्या, ही बारी शेष्याला दे."

मी म्हणालो, "माझी हाय."

"देऊन टाक रे. पुढच्या दोन तुझ्या."

प्रश्न बारीचा नव्हता. प्रश्न होता, की त्याने माझी बारी शेषरावला दिली. मी चहाचा मग तिथेच ठेवला आणि रेडिओच्या बंकरात जाऊन बसलो. शेषराव मधे बसला आणि मी बसलो असतो त्या वाऱ्याच्या कडेला नामदेव सरकला. गोळा थोड्या वेळाने आला. बाकी तुम्हाला सांगितलं आहे.

म्हणून मी शेषरावच्या रँकवर जळतो असं गाव समजतं, ते बिलकुल चूक आहे. रँक गेली खड्ड्यात. नामदेवने आयुष्यात शेवटची जी चांगली गोष्ट केली, ती त्याच्यासाठी केली. माझ्यासाठी नाही. तेवीस वर्षं मी त्याच्या लंगडण्याकडे बघतो आणि मनात म्हणतो, ती जागा माझी होती.

शेषरावच्या घरात आमच्या पिल्लांची पहिली कुजबुज सुरू झाली. गयावहिनींनी नातीला मांडीवर घेतलं. रेखा कुंपणाशी वाकून एकेकाला बोट लावून बघत होती. माझ्या कोटात अजून पाच-सहा उरली होती, ती निघायला तयार नव्हती, छातीच्या केसांत पाय अडकवून बसलेली. मी त्यांना अलगद सोडवत होतो. शेषराव माझ्याकडे बघत होता. बराच वेळ.

"असाच बसल्ता," तो म्हणाला.

"कोण?"

"नाम्या. कोटाची चेन अर्धी उघडी, हात आत. मी म्हणलं, काय रे, छातीत दुखतं का? तर म्हणला, उत्त्याचा मग हाय. रुसून गेला ना तो. येईल आता परत. चहा थंडा दिसला तर अजून रुसेल."

मी पिल्लू सोडवायचं थांबलो.

"कोटात धरून बसल्ता तुझा मग," शेषराव म्हणाला. "मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेलो. मला मधली जागा दिली, खरंय. पण त्याचं ध्यान सारं बंकराच्या दाराकडं. तू निघतो का म्हणून."

"हे तू मला आज सांगतो?"

"मंग कवा सांगू?" त्याचा आवाज चढला, तसा खाली आला. "पाय माझा फुटला. त्याचं रगत माझ्या अंगावर. अन् त्याच्या तोंडात नाव कोणाचं, तर तुझं. कशाला सांगू? राग आल्ता मला. आजबी येतो."

पिल्लांचा आवाज आता पुरता लागला होता. मी एक सांगतो, खोटं कशाला बोलू. सुभेदारसाहेब तेवीस वर्षं माझ्यावर जळत होते, हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग नाही वाटलं.

"त्या मगाचं काय झालं?" मी विचारलं.

"अर्धा सांडल्ता."

"अन् अर्धा?"

"गरम होता."

"काय केलं त्याचं?"

शेषरावने मडक्यावरचं पोतं सारखं केलं. "प्यालो."

"माझा चहा?"

"थंड झाला असता."

मी उरलेली पिल्लं त्याच्या हातात दिली. त्याने ती मधे ठेवली.

रेखा घरी परत येताना गल्लीत एवढंच म्हणाली, "मामा, तुमचं बी कांबळं कापावं लागेल. त्यांच्या कुंपणात एवढे मावत न्हाईत." दुसऱ्या दिवशी मी कापलं. माझं कांबळं शेषरावच्या कांबळ्यापेक्षा जाड आहे, हे कापतानाच कळलं. ते मी गल्लीत उभं राहून सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं.

डीपी आठ नव्हे, अकराव्या दिवशी आली. तोवर दोन्ही घरांची पिल्लं एकाच ठिकाणी होती. आलटून पालटून मडकी आम्ही दोघांनी बदलली, बायकांनी चुलीला पऱ्हाटी लावली. त्या रात्रीनंतर दोन गेली. त्यातलं एक माझं, एक त्याचं असं शेषराव म्हणतो. दोन्ही त्याची होती. आता सगळी सारखीच दिसतात, त्यामुळे पुरावा नाही. जी कोंबडी मोठं अंडं देते ती माझी, असा मी नियम केला आहे. तो मानत नाही.

जगली तेवढी पुरेत म्हणून रेखाने फेब्रुवारीत टेम्पो सोडला. नातीचा भोंगा बंद झाला. आता विमानं वेळेवर उतरतात. पिल्लांतले कोंबडे मोठे झाले तेव्हा सकाळी कुणाचा कोंबडा आधी आरवतो यावरून गल्लीत तीन दिवस वाद झाला. शेषरावचा आधी आरवतो. मी तेवढं कबूल केलं आहे, लेखी नाही.

शेवग्याखाली अकरा पिल्लं आहेत. रोल कॉल घेतला तर ती अकरा माझ्या हजेरीत येतात. त्यांना एकेकटं ठेवलं होतं.

आणि आमच्या पोस्टवरून परत न आलेला एकच. शिपाई नामदेव, राहणार अंबड तालुका. त्याचा फोटो पलटणीच्या क्वार्टर गार्डमध्ये भिंतीवर आहे. फोटोतही तो जरा कडेला सरकून उभा आहे, शेजारी जागा ठेवून. फोटोग्राफरची चूक असेल.

तो गेला त्या तारखेला आता शेषराव सकाळी गल्ली ओलांडून माझ्या ओट्यावर येतो. पूर्वी येत नसे. कोट घालून येतो, थंडी असो नसो. लंगडत येतो म्हणून वीस पावलांना वेळ लागतो. कोटाची चेन उघडतो आणि आतून पितळी मग काढून माझ्यापुढे धरतो. गयावहिनींनी तो कधी भरलेला असतो देव जाणे. चहावर साय धरलेली असते. अर्धा त्याच्या शर्टावर सांडलेला.

"गरम हाय का?" तो विचारतो.

मी पितो. माझ्या आयुष्यात मी अस्वलाचा सॅल्यूट सांगितला, सावल्यांची अदलाबदल सांगितली, लोकांनी ऐकून घेतलं. शेषरावने एकदाही ऐकून घेतलं नाही. हे मात्र ऐकतो.

"गरम हाय साहेब," मी म्हणतो. "एकदम गरम."